अरण्यातील उमेदवारी
भामरागडनजीक हेमलकसा येथे १९७३ साली समाजसेवक बाबा आमटे यांनी आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला, तेव्हा शल्यचिकित्सेचे पुढील शिक्षण सोडून तेथे गेलेल्या डॉ. प्रकाश आमटे यांना आणि भूलशास्त्र शिकलेल्या त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी यांना, विजेवाचून, तेथील माडिया बोली आत्मसात करीत, मोतीबिंदूपासून अस्वलाने फाडलेल्या चेहऱ्यापर्यंत सर्व उपचार स्वतःच करावे लागले. कारण पुराने मार्ग खुंटला की तज्ज्ञाकडे रुग्ण धाडण्याची सोयच उरत नसे. पदवीपूर्वीच वैद्यकीच्या विद्यार्थ्याने अशा मुलखात काही मास उमेदवारी करावी, असे मला वाटते. उमेदवारीच्या दाखल्यावरील शिक्का (तो कोणतीही कचेरी देईल!) गौण होय, परंतु रोग्याची व्यथा त्याच्याच बोलीत उमजून घेताना आपल्या विद्येतील उणीव ध्यानी येते, आणि ती भरून काढण्यास अद्याप अवधी असतो.