माळ्यावरचा पाय

कुणाचा पाय अपघातात गेलेला असतो, कुणाचा मधुमेहाच्या चिघळलेल्या जखमेपायी. तालुक्याला शिबिर भरतं, माप घेतलं जातं, कृत्रिम पाय मिळतो. वर्षभरानं त्याच घरी जावं, तर तो पाय पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेला आणि माणूस पुन्हा काखेत कुबडी घेऊन उभा. ‘फुकट मिळालं की किंमत नसते,’ असं कुणीतरी सहज बोलून जातं. ते बोलणं मला फार लागतं.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६०च्या दशकात हेच घडत होतं. तिथले डॉ. प्रमोद करण सेठी यांनी दिलेले पाय खेड्यातली माणसं वापरेनाशी झाली होती. ते पाय परदेशी धाटणीचे, बुटात घालून चालण्यासाठी केलेले. घोटा ताठ. त्यावर उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना, चिखलात उतरता येईना. देवळात जायचं तर बूट काढायचा कसा? पाय टाकून देणाऱ्यांचं म्हणणं सेठींनी खरं मानलं, हे मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. रामचंद्र शर्मा हे फारसं न शिकलेले पण हाताला विलक्षण कसब असलेले कारागीर त्यांच्यासोबत होते. दोघांच्या खटपटीतून रबराचं, बोटं असलेलं, सगळीकडे वळणारं पाऊल तयार झालं. ते अनवाणी चालतं, भिजलं तरी बिघडत नाही. पुढे नडगीच्या जागी शेतात पाण्यासाठी वापरतात तसला प्लॅस्टिकचा पाइप आला. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मग आपल्या गावातला पाय माळ्यावर का? कारण माणसाचं शरीर बदलत राहतं. कापलेल्या भागाची सूज उतरते, स्नायू बारीक होतात आणि वाटीसारखं बसवलेलं सॉकेट सैल पडतं. मग ते घासतं, कातडी सोलवटते. दिवसभर शेतात राबणाऱ्याला तर ते सहनच होत नाही. दुरुस्ती जिल्ह्याच्या गावी. म्हणजे एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबतीला आलेल्या माणसाचीही बुडालेली मजुरी. वाढत्या वयाच्या मुलाला तर पाय आखूड होत जातो, त्याला पुन्हा पुन्हा नवा लागतो.

२०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांतल्या १.८६ कोटी खेड्यांत राहणाऱ्या. शिबिरं हवीतच. पण एकदा वाटप करून निघून जाणारं शिबिर अर्धंच काम करतं.

आपल्या गावात शिबिर घेणार असाल, तर मांडव घालण्याआधी दुरुस्तीसाठी पुन्हा कधी येणार ती तारीख ठरवा आणि ती पत्रिकेवर छापा. आणि शेजारच्या घरात असा एखादा पाय माळ्यावर पडून असेल, तर तो कुठे घासतो, एवढं आज जाऊन विचारा.