जिन्याचा प्रीमियम

मुंबईत इमारत बांधणाऱ्याला महापालिकेकडे जिन्याचेही पैसे भरावे लागतात. जिना, लिफ्ट आणि लॉबी यांचे क्षेत्रफळ एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर मुभा असलेल्या चटई क्षेत्रात, धरू नये, यासाठीचा हा प्रीमियम. लोअर परळच्या टॉवरवाल्यांनी असे प्रीमियम निमूटपणे भरले. त्याच टॉवरांत नोकरीला येणारी माणसे मात्र स्टेशनाच्या ज्या जिन्याने उतरत होती, तो होता तेवढाच राहिला. पालिकेच्या तिजोरीतला जिना वेगळा आणि रेल्वेच्या हद्दीतला वेगळा.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर २३ माणसे चेंगरून मेली. पावसाची सर आली म्हणून वरची माणसे बाहेर पडेनात. खाली फलाटावर एकामागून एक गाड्या रिकाम्या होत होत्या आणि त्यातली माणसे त्याच जिन्याकडे येत होती. नवा रुंद पूल आधीच मंजूर झालेला होता, काम तेवढे सुरू व्हायचे होते. पुढे लष्कराला पाचारण झाले आणि फेब्रुवारी २०१८मध्ये नवा पादचारी पूल खुला झाला. जुलैत एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले.

तेव्हापासून चर्चासत्रांत एक वाक्य फार चालते. ज्यांनी टॉवर बांधले त्यांनीच स्टेशनाचा खर्च उचलावा. विकासाचा खर्च विकासानेच भागवावा. वाक्य टाळीचे आहे, आणि त्यात न्यायही आहे. गिरण्यांच्या पट्ट्यात, म्हणजे गिरणगावात, झाले काय? १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले : एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न होता फक्त रिकाम्या जमिनीची होईल, असे ठरले, आणि गिरणीच्या आवारात रिकामी जमीन असते कितीशी? उच्च न्यायालयाने २००५मध्ये हा अर्थ नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये तो उचलून धरला. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने आखून दिलेला गिरणगावाचा एकत्रित आराखडा कागदावरच राहिला. कापडाचे शहर कचेऱ्यांचे झाले आणि त्या कचेऱ्यांची सगळी गर्दी ब्रिटिशांच्या काळातल्या स्थानकांवर येऊन आदळली. मग बिल्डरांच्या खिशात हात घाला म्हणणाऱ्यांचे चुकले कुठे?

चुकले ते विक्रेत्याचे नाव विसरण्यात. एल्फिन्स्टन रोड स्थानकालगतची ज्युपिटर मिल २००५मध्ये २७६ कोटींना विकली गेली. लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना. विकणारे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, म्हणजे केंद्र सरकार. रेल्वेही केंद्र सरकारचीच. एका मंत्रालयाने स्टेशनाशेजारची जमीन सोन्याच्या भावाने विकली, आणि त्या विक्रीने जी गर्दी येणार होती तिच्यासाठी दुसऱ्या मंत्रालयाला एक जिना रुंद करायला वर्षे लागली. त्या जमिनीची किंमत मुळात स्टेशनामुळे होती, हे दोन्ही मंत्रालयांना ठाऊक नव्हते असे मानायला जागा नाही. यात बिल्डर धुतल्या तांदळाचा ठरत नाही; पण पहिला वसूलदार तो नव्हता.

बरे, बिल्डरकडून चोख वसुली केली तर सगळे सुरळीत होते का? लंडनची साक्ष काढण्यासारखी आहे, कारण हे वाक्य बहुधा तिथूनच आयात झालेले आहे. बॅटरसी इथल्या बंद पडलेल्या वीजकेंद्राच्या पुनर्विकासासाठी भुयारी रेल्वेची नॉर्दर्न लाइन वाढवली गेली. नवी दोन स्थानके सप्टेंबर २०२१मध्ये उघडली. खर्च सुमारे १.१ अब्ज पौंड. महापौरांच्या प्रशासनाने कर्ज काढले. ते फेडायचे विकासकांच्या शुल्कांतून आणि त्या परिसरात पुढे वाढणाऱ्या व्यापारी करातून. हिशेब देखणा होता. मात्र २०१७मध्ये विकासकांनी परवडणाऱ्या घरांची संख्या ६३६वरून ३८६वर आणण्याची परवानगी मागितली, आणि स्थानिक कौन्सिलने ती दिली. स्टेशनाचा हप्ता टॉवरवर अवलंबून असला की टॉवरवाल्याचा रुसवा शहराला परवडत नाही. मग तो काढण्यासाठी काहीतरी सोडावे लागते, आणि सोडले जाते ते बहुधा गरिबाच्या वाट्याचे.

इथे हेन्री जॉर्जला बोलावणे भाग आहे. हा अमेरिकन छापखान्यातला कामगार, पुढे पत्रकार झाला. १८७९ साली त्याने ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ लिहिले. १८८६मध्ये तो न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभा राहिला, हरला, पण मतांत थिओडोर रूझवेल्टच्या पुढे राहिला. १८९७मध्ये पुन्हा उभा राहिला आणि मतदानाला चार दिवस उरले असताना वारला. त्याचे म्हणणे एवढेच : जमिनीची किंमत मालकाच्या कष्टाने वाढत नाही, आजूबाजूच्या वस्तीने वाढते, म्हणून कर जमिनीवर लावा, इमारतीवर नको. समाजवाद्यांना तो भांडवलदारांचा वाटला आणि भांडवलदारांना समाजवादी. विद्यापीठांनी त्याला हौशी ठरवले. आजही अर्थशास्त्राच्या तासाला तो फार तर एका वाक्यापुरता येतो.

पण विकास शुल्क त्याच्या चष्म्यातून पाहिले की ते किती उफराटे आहे हे कळते. जो बांधतो तो भरतो. जो कुंपण घालून, वॉचमन बसवून, भाव चढण्याची वाट पाहत बसतो, तो काहीच भरत नाही. गिरण्यांचे भोंगे १९८२च्या संपानंतर एकेक करून बंद झाले. कित्येक आवारांत नंतर वर्षानुवर्षे गवत उगवले, आणि त्या वाट पाहण्यावर कुठलाही प्रीमियम नव्हता. महाराष्ट्राने मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी आधी विकास शुल्कावर अधिभार लावला, मग एप्रिल २०२२पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपुरात मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो उपकर. हे दोन्ही भरते कोण? नवे बांधणारा आणि नवे विकत घेणारा. मेट्रोच्या खांबासमोर तीस वर्षांपूर्वी दुकान घेतलेल्याच्या मालमत्तेची किंमत वाढली, त्याला चलान नाही. पहिले घर घेण्यासाठी कर्ज काढलेल्या जोडप्याला मात्र आहे.

जॉर्जचा विचार इथे परकाही नाही. १९१५च्या मुंबई नगररचना कायद्यात सुधारणेमुळे वाढलेल्या किमतीतून वाटा घेण्याची तरतूद होती. १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात ती वाढीव किमतीच्या निम्म्यापर्यंत आहे. शेजारच्या गुजरातने नगररचना योजना हे हत्यार वापरत ठेवले. मुंबईने ते माळ्यावर टाकले आणि एफएसआय विकायचे दुकान थाटले.

आता लालबागचा आक्षेप. तो टाळून पुढे जाणाऱ्याने जॉर्जचे नाव घेऊ नये. चाळीतली दहा बाय अठराची खोली. निवृत्त गिरणी कामगार, पेन्शन नावापुरते. पुनर्विकासाच्या हिशेबात त्या खोलीची किंमत आज कोटीच्या घरात बोलली जाते. बाजाराच्या दृष्टीने तो श्रीमंत; वाण्याच्या वहीत उधारी. त्याला जमिनीच्या वाढीव किमतीवर दरवर्षी कर लावायचा म्हणजे त्याला खोली विकून बदलापूरला जा म्हणायचे, आणि तेही न्यायाच्या नावाने. जॉर्जचे पुस्तकी भक्त म्हणतात, जाऊ दे, जमिनीचा अधिक चांगला वापर होईल. गिरणगावाने हा ‘अधिक चांगला वापर’ पाहिलेला आहे. तेव्हा जमिनीवर सरसकट कर ही जॉर्जची मागणी मुंबईत जशीच्या तशी चालणार नाही, आणि चालू नये. पालिका हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२मध्ये मालमत्ता करमाफी मिळाली तेव्हा तिला मतांसाठीची खिरापत म्हटले गेले. खिरापत ती होतीच. पण लालबागच्या खोलीला तिने जो आडोसा दिला तो काढून घेण्याचे कारण नाही.

मग पैसा कुठून? लंडनच्याच दुसऱ्या उदाहरणातून एक वाट दिसते, आणि गंमत म्हणजे ती टाळीच्या वाक्याच्या उलट जाते. क्रॉसरेल, म्हणजे आजची एलिझाबेथ लाइन, २०२२मध्ये सुरू झाली. तिच्या आर्थिक आराखड्यात नव्या बांधकामांवरच्या शुल्कांतून अपेक्षित होते ६० कोटी पौंड. आणि आधीपासून उभ्या असलेल्या मोठ्या व्यापारी मालमत्तांवर एप्रिल २०१०पासून लावलेल्या अधिभारातून? सुमारे ४.१ अब्ज. म्हणजे जवळपास सातपट. ५५,००० पौंडांपेक्षा कमी करपात्र मूल्याच्या लहानसहान दुकानांना तेव्हा वगळले होते. पैसा त्या एकाच प्रकल्पासाठी. आणि त्याच्या बरोबरीने, खरे तर त्याच्याही आधी, सरकारी तिजोरीचा वाटा ठरलेला होता. विकासकाच्या चलानाची वाट पाहत कोणी भुयार खणले नाही.

जमिनीच्या पैशातून वाहतूक उभी करण्याचा प्रयोग मुंबईनेही केला आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) वांद्रे-कुर्ला संकुलातले भूखंड भाडेपट्ट्याने देऊन गडगंज पैसा उभा केला. त्याच एमएमआरडीएने वांद्र्याहून कलानगरकडे जाणारा पहिला स्कायवॉक २००८मध्ये खुला केला. पुढे तो मोडकळीला येऊन पाडावा लागला. पण स्कायवॉक कितीही मजबूत केला तरी तो स्टेशनाच्या कुंपणाशी थांबतो. आतला फलाट, आतला जिना रेल्वेचा. दारापर्यंत गालिचा आणि आत तोच बोळ, असा प्रकार. संकुलातल्या कचेऱ्यांत जाणारा माणूस वांद्र्याला किंवा कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहिला तो राहिलाच.

खासगी भागीदारीतून स्थानके फुकटात चकाचक होतील, ही रेल्वेची स्वतःची आशाही फार टिकली नाही. भोपाळमधले राणी कमलापती स्थानक २०२१मध्ये त्या पद्धतीने उभे राहिले. त्याच वर्षी ही कामे पाहणारे महामंडळ गुंडाळले गेले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा पुनर्विकास अखेर सरकारी पैशानेच करायचे ठरले. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा (एमयूटीपी) खर्च रेल्वे आणि राज्य यांच्यात निम्मानिम्मा वाटला जातो, ‘३अ’ टप्प्यात १९ स्थानकांची सुधारणाही आहे, आणि प्रवाशाच्या तिकिटात व पासात एमयूटीपीचा अधिभार बसलेला असतोच. विरारच्या डब्यात लटकणारा माणूस आपला वाटा केव्हाच भरून मोकळा झाला आहे.

राहिला तो स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा मोठा व्यापारी मालक. कचेऱ्या भाड्याने देणारा, मॉल चालवणारा, जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ असे छापणारा. त्याच्या मालमत्तेवर स्थानकनिहाय अधिभार लावावा. त्याचे खाते रेल्वे आणि पालिका यांचे संयुक्त असावे. जिन्याची निविदा त्याच खात्यातून, आधी सरकारी कर्ज काढून, निघावी. मोठ्या घरांकडून वाढीव किमतीतला वाटा दरवर्षी न घेता विक्रीच्या वेळी घ्यावा, आणि तो खरेदीदाराकडून न घेता विकणाऱ्याकडून घ्यावा. या सूचनेला बिल्डरांच्या संघटना फारसा विरोध करणार नाहीत. नव्या फ्लॅटवरचा बोजा हलका होणार असेल तर त्या हार घेऊन येतील. विरोध होईल तो जुन्या मालकांचा. स्टेशनाजवळ स्वस्ताईच्या काळात मोठा ब्लॉक घेऊन ठेवलेल्या, मुलांना परदेशी पाठवलेल्या, बिल्डरांच्या नफेखोरीवर तळमळीने बोलणाऱ्या सुशिक्षित मध्यमवर्गाचा. दिवाळी अंकांचे वर्गणीदार बरेचसे त्यांच्यातलेच.