मढीचं व्रत आणि मण्याराचं दुकान

फेब्रुवारी 2025 मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने ठराव केला : कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत. प्रशासनाने चौकशी करून तो बेकायदा ठरवला. घटनेत काय लिहिलंय ते वकील सांगतील. मला खटकतं ते ठरावामागचं कारण. ते धर्माचं म्हणून दिलेलं आहे, तेव्हा त्याचं उत्तरही धर्माच्याच बाजूने द्यायला हवं.

कारण असं : यात्रेआधी नाथांना तेल लागलं की महिनाभर मढीकर बंधनं पाळतात. तळण नाही, लग्नकार्य नाही, शेतीची कामं नाहीत, पलंगावर निजायचं नाही. बाहेरून येणारे व्यापारी हे काही पाळत नाहीत, म्हणून परंपरा बाटते.

माझी आजी मढीची लेक. सासरी तिसगावच्या अंगाला आली, तरी माहेरचा महिना तिने सोडला नाही. त्या महिन्यात कढई घासून, पुसून खुंटीला पालथी टांगलेली असे. आजोबांना भज्यांची तल्लफ आली की ते स्टँडवरच्या हॉटेलात जात. आजी विचारत नसे, ते सांगत नसत. याच दिवसांत यात्रेला निघालेला मुसलमान मण्यार आमच्या ओसरीवर टेकायचा. “आक्का, हात ढिला सोडा,” म्हणत आजीचा पंजा दाबून दाबून मऊ करायचा आणि हिरव्या काचेची बांगडी हाडावरून अलगद सरकवायचा. बांगड्या भरून झाल्या की आजी त्यांना हळदकुंकू लावी, मण्याराला हात जोडी आणि सुपातून ज्वारी घाली. तो सकाळी काय खाऊन निघाला, ही चौकशी तिच्या व्रतात बसत नव्हती.

आजीला समतेवर भाषण करता आलं नसतं. पण व्रत म्हणजे काय हे तिला पक्कं ठाऊक होतं. संकल्प सोडताना माणूस स्वतःचं नाव घेतो.  ज्याने व्रत धरलंच नाही त्याच्याकडून ते मोडणार कसं? उपास माझा, आणि शेजारी जेवला म्हणून तो मोडला, असं कुठल्याही कहाणीत मी ऐकलेलं नाही. स्वतःवर घातलेलं बंधन दुसऱ्याच्या गळ्यात अडकवलं की व्रत संपतं आणि फौजदारी सुरू होते.

आणि कसोटी लावायचीच, तर ती सगळ्यांना लावा. पाथर्डी तालुका ऊसतोड मजुरांचा. फाल्गुनात कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात, तेव्हा आमची माणसं कुठल्या तरी फडात कोयता घेऊन उभी असतात. त्यांचं कुठलं पलंगावर न निजणं आणि शेतीचं काम बंद ठेवणं! पट्टा पडला, म्हणजे ऊसतोड संपली, की तीच माणसं नाथांना रेवड्या वाहायला येतात. मढीत त्यांना कुणी अडवत नाही, आणि ते योग्यच आहे. मग न पाळणाऱ्यांतून एकच जमात वेगळी काढली, तर अडचण व्रताची नसून माणसांची आहे, हे गावाने सरळ कबूल करावं.

आपल्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे. घरांना दारं नसण्याची तिथली जुनी परंपरा शनिदेवावरच्या विश्वासाची. पण येणाऱ्या भाविकाला, आधी तुझ्या घराचं दार काढून ये, असं कोणी म्हणत नाही. याच शिंगणापुरात स्त्रियांना चौथरा बंद होता. उच्च न्यायालयाने बजावल्यावर 2016 च्या गुढीपाडव्याला तो खुला झाला. त्याने देव बाटल्याचं मला तरी दिसलं नाही.

1884 च्या अहमदनगर गॅझेटियरात मढीच्या स्थानाला कान्होबा (म्हणजे कानिफनाथ) आणि शाह रमजान माही सवार अशी दोन्ही नावं दिली आहेत. या नावांवरून भांडणं आहेत. त्यात मी पडत नाही. दुसरं नाव साफ चुकीचं धरलं, तरी माझा मुद्दा हलत नाही. मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी ओळख : मढी ही भटक्यांची पंढरी. होळीचा मान गोपाळ समाजाचा, गाढवांचा बाजार इथला, मलिद्याचा नैवेद्य इथला. ज्यांना गावकुसाच्या आत कुणी घेत नव्हतं, त्यांना नाथांनी जवळ केलं. याच यात्रेत जातपंचायतीही भरत. एखाद्याला वाळीत टाकलं की त्याच्या घरादाराचं काय होतं, हे या भटक्यांइतकं कुणाला ठाऊक असणार? सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 मध्ये कायदा केला. ज्या मढीने वाळीत पडलेली घरं पाहिली, तिने वाळीचा नवा ठराव करावा हे मला सोसत नाही.

गावाची तक्रार अगदीच खोटी असेल असं मी म्हणत नाही. यात्रेत दारू पिऊन धिंगाणा होतो, खिसे कापले जातात, भेसळ होते, भाविकांना लुबाडलं जातं. नवस फेडायला आलेल्या बाईची पर्स गेली तर तिच्या यात्रेचा विचका होतो, मग चोराचं नाव काहीही असो. म्हणून मढीच्या ग्रामसभेला माझी विनंती आहे. पुढच्या यात्रेआधी पुन्हा बसा आणि ठराव कराच : भावफलक सक्तीचा, वजनकाटे तपासलेले, दारू पिऊन आलेल्याचं दुकान त्याच दिवशी बंद. प्रत्येक दुकानदाराला तोच नियम, आडनाव न विचारता.