बंद दरवाजा आणि घरातला साक्षीदार



स्त्रियांवर व बालकांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारास शिक्षा किती कठोर असावी, हा प्रश्न गेल्या चाळीस वर्षांत संसदेपुढे पुन्हा पुन्हा आला आहे. १९८३ च्या दुरुस्तीने बलात्कारास किमान सात वर्षांची कैद ठरवली, परंतु विशेष कारणे नोंदवून ती कमी करण्याची मुभाही न्यायालयास ठेवली. २०१३ साली ही मुभा काढून टाकण्यात आली. २०१८ साली बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्कारासाठी किमान वीस वर्षांच्या कैदेपासून फाशीपर्यंतची तरतूद झाली. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये त्याहून कडक असे ‘शक्ती’ विधेयक संमत केले, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही.

अशा बातम्या आल्या की आमच्या पारशिवनीत जुम्याच्या नमाजनंतर तरुण मला थांबवतात. “मौलाना, भर चौकात फाशी का देत नाहीत?” त्यांचा संताप खरा आहे. परंतु शिक्षा ही न्यायाची शेवटची पायरी होय. पहिली पायरी साक्षीची आहे. आणि ती साक्ष संसदेत नसते. बहुतेक वेळा ती आपल्याच घरात असते.

सूरह यूसुफचे स्मरण करा. हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) मिसरमधील एका अधिकाऱ्याच्या घरी विकत आणलेले, परके, तरुण होते. घराच्या मालकिणीने दरवाजे बंद केले. ते सुटण्यासाठी धावले तेव्हा त्यांचा सदरा मागून फाटला, आणि आरोप मात्र त्यांच्यावरच आला. त्या वेळी तिच्याच नात्यातील एका व्यक्तीने न्यायाची कसोटी सांगितली: सदरा पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा.

काही जण या कथेवरून स्त्रिया खोटे आरोप करतात असा अर्थ काढतात. तो उथळ आहे. इथे मालकीण बलवान होती आणि यूसुफ (अ.) निराधार. बंद दाराआड बलवान व्यक्ती निराधारावर हात टाकते आणि नंतर दोषही त्याच्याच माथी मारते, हे या कथेचे मर्म आहे. पुढे काय घडले? पुरावा स्पष्ट होता. घरमालकाने पत्नीला क्षमा मागण्यास सांगितले, यूसुफ (अ.) यांना विषय सोडून देण्यास सांगितले आणि प्रकरण मिटवले. अखेर निरपराधालाच कैद झाली. कित्येक वर्षांनी राजाचे बोलावणे आले, तेव्हाही चौकशी होऊन सत्य उघड होईपर्यंत तुरुंगाबाहेर येण्यास त्यांनी नकार दिला. घराची अब्रू वाचवण्याची किंमत एका निष्पापाने आपल्या आयुष्यातील वर्षांनी चुकवली.

आता आपल्या विदर्भाकडे पाहा. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तो खटला तिच्या नावाने ओळखला जातो. ते नाव मी लिहीत नाही. तिची माणसे त्या रात्री ठाण्याबाहेर उभी होती. मुलगी बाहेर येऊन बोलली, तेव्हा त्यांनी तिला गप्प केले नाही. त्यांनी तिला डॉक्टरांकडे नेले, लोक जमले आणि तक्रार नोंदवली गेली. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, हे त्यामागील एक कारण होते. १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि त्यातून १९८३ ची दुरुस्ती घडली. कोठडीतील स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितल्यास न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे कायद्यात आले. त्या मुलीला न्याय मिळाला नाही. परंतु तिच्या माणसांनी न लपवलेल्या साक्षीने पुढच्या असंख्य लेकींचा मार्ग बदलला.

आता माझा कबुलीजबाब. काही वर्षांपूर्वी एक पिता रात्री माझ्याकडे आला. त्याची लहान मुलगी एका नातेवाइकाचे नाव निघाले की थरथरत होती. घरातील वडीलधारे म्हणत होते, “मौलानांकडून दुआ घे, आणि विषय संपव.” मी दुआ केली, सब्र करण्यास सांगितले आणि त्याला परत पाठवले. त्या रात्री झोप आली नाही. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत स्वतःविरुद्ध, आई-वडिलांविरुद्ध, आप्तांविरुद्ध जरी जात असेल तरी न्यायाची साक्ष देण्याचा आदेश आहे. ही आयत मी मिंबरवरून कितीदा तरी सांगितली होती. फज्रनंतर मी त्याच्या दारी गेलो, माफी मागितली आणि दोघे मिळून पोलिसांकडे गेलो. ती एक रात्र माझ्या हिशेबात लिहिलेली आहे. अल्लाह क्षमा करो.

बंधू-भगिनींनो, २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील अत्याचाराची माहिती असूनही न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. मदरसा, शाळा, वसतिगृह यांस अपवाद नाही. बालकाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो आणि त्याची ओळख उघड करण्यास मनाई आहे. १०९८ हा क्रमांक घरातील प्रत्येक मुलाला पाठ असू द्या.

‘निरपराध अडकला तर?’ हा प्रश्नही रास्त आहे. हजरत वाइल बिन हुज्र (रजि.) यांच्या रिवायतीत एका स्त्रीचा प्रसंग आहे. ती नमाजसाठी निघाली असता तिच्यावर अत्याचार झाला. लोकांनी भलत्याच माणसाला पकडून आणले. मग खरा गुन्हेगार स्वतः पुढे आला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या स्त्रीला निर्दोष म्हणून जाऊ दिले आणि चुकून पकडलेल्या माणसाशी गोड शब्द बोलले. भर चौकातील घाई त्या माणसाचा जीव घेऊन गेली असती. म्हणून तपास हवा, न्यायालय हवे, आणि त्यासाठी खरे बोलणारा साक्षीदार हवा.

आज रात्री इशाची नमाज झाल्यावर आपल्या मुलामुलींजवळ बसा. त्यांना सांगा: कोणीही, कितीही जवळचा असो, तुला त्रास देत असेल तर मला सांग, मी तुझे ऐकेन, तुला दोष देणार नाही. संसदेने शिक्षेची वर्षे वाढवली आहेत. बंद दरवाजा मात्र आपल्यालाच उघडायचा आहे.

हे अल्लाह, आम्हाला आमच्या आप्तांच्या भीतीपेक्षा तुझे भय अधिक दे, आणि आमच्या लेकरांच्या बाजूने उभे राहण्याचे बळ दे. आमीन.