चू. भू. द्या. घ्या.

आमचा वाणी बिलाच्या तळाशी न चुकता 'चू. भू. द्या. घ्या.' असं लिहितो. लहानपणी मला हे एखाद्या गृहस्थाच्या नावाची आद्याक्षरं वाटायची. 'चूकभूल द्यावी घ्यावी' हा अर्थ कळला तेव्हा वाण्याबद्दल आदरच वाटला. दोन किलो तूरडाळीच्या हिशेबातसुद्धा आपण चुकू शकतो, हे लेखी देऊन ठेवतो म्हणजे काय!

शेजारचे निवृत्त मामलेदार मात्र चुकत नाहीत. सकाळी पेपर हातात आला की ते पहिल्या पानापासून लोकांना फाशी द्यायला बसतात. खुनी झाले, दरोडेखोर झाले, मग दुधात भेसळ करणारे. "लटकवा हो एकेकाला! खटले कसले चालवता?" परवा नळाचं पाणी सोडणाऱ्या माणसालाही त्यांनी चढवलाच होता, पण तेवढ्यात पाणी आलं आणि तो वाचला.

मीही एके काळी त्याच पंथाचा. जोशी-अभ्यंकर खून खटल्यातल्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याला फाशी झाली, तेव्हा "बरं झालं" म्हणणाऱ्यांत मी होतो. तिथे भलतीच माणसं सापडली, असं आजही मी म्हणत नाही. माझं मत फिरलं ते एका अंगठीमुळे.

सासऱ्यांनी दिलेली अंगठी एक दिवस दिसेनाशी झाली. घरात आम्ही दोघं आणि धुण्याभांड्याची बाई. मी लगेच खटला चालवला. त्या दिवशी ती लवकर गेली होती, हा एक पुरावा. विचारल्यावर खाली बघत राहिली, हा दुसरा. (वर बघितलं असतं तर निर्ढावलेली ठरली असती.) "जरा थांबा, सापडेल," असं हिनं म्हटलं, ते अपील मी जागच्या जागी फेटाळलं. निकाल पाच मिनिटांत.

आठ महिन्यांनी गादी पिंजायला काढली, तर उसवलेल्या शिवणीतून आत गेलेली अंगठी कापसाबरोबर पिंजाऱ्यापुढे पडली. ती गादी आणखी दोन वर्षं टिकली असती, तर मी आजही त्या बाईला शपथेवर चोर म्हटलं असतं.

तिच्या घरी गेलो. तिनं मला दारातच उभं केलं आणि जे काय सुनावलं, ते सगळी चाळ ऐकत होती. "तुम्ही बोलला चार घरांत. चारी कामं गेली माझी. पोराची शाळा सुटली, साहेब." आठ महिन्यांचा पगार तिनं मोजून घेतला. पुन्हा कामावर ये म्हणालो, तर दार लावून घेतलं. चूक मी दिली, तिनं अर्धीच घेतली. पण घ्यायला ती होती तरी.

"अहो, तुमचं घर म्हणजे काय कोर्ट आहे?" मामलेदार म्हणाले. "तिथे वकील असतात, साक्षी असतात, वर अपील."

असतात ना. नाशिक जिल्ह्यात २००३ साली एका घरातल्या पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. २००६ साली खालच्या कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयानं तिघांची जन्मठेप केली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि त्याच सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं! वाचलेल्या बाईनं पोलिसांकडच्या फोटोंतून आधी भलतेच चार जण ओळखले होते, त्यांच्याकडे कुणी वळून बघितलं नव्हतं. १९८० सालापासून फाशी 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणातच द्यायची असं ठरलंय. हे त्या चाळणीतून गाळून उरलेलं प्रकरण.

सरकारनं प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यावी, असं कोर्टानं सांगितलं. सोळा वर्षांचे पाच लाख. माझा पगाराचा हिशेब त्या मानानं उदार म्हणायचा! पण त्यांनाही ती घ्यायला हात होते. २००९ नंतर कुणी घाई केली असती, तर पाकीट कुणाच्या हातात ठेवलं असतं?

"आणि धाक?" मामलेदारांनी विचारलं. "धाक नको का काही?"

साखरेपायी पाय जाईल, असा धाक त्यांना डॉक्टरांनी घातलाय. तरी आमच्याकडे आले की पेढ्याचा डबा कुठे आहे ते त्यांना अचूक ठाऊक असतं. वहिनींना कळणार नाही, असं त्यांना दर वेळी वाटतं. सुरा उचलणारालाही बहुधा तसंच वाटत असावं.

"मग ज्यानं खरंच केलंय, त्याला काय जन्मभर पोसायचं?"

पोसायचं, म्हणालो. तुरुंगात, कुलपाआड. सुखानं म्हणालो असं नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांच्यासमोर उभं राहून हे म्हणायची माझी छाती नाही, हेही त्यांना सांगितलं.

ते रागानं पिशवी घेऊन वाण्याकडे गेले आणि अर्ध्या तासात विजयी मुद्रेनं परतले. एका साबणाचे दोन लावले होते. पैसे परत घेतले.

"बिलं जपून ठेवत जा," मला म्हणाले. "तुम्ही फाडून टाकता."