मैदान कोणाचें?

पाहुणा घरीं येणार असें कळलें कीं घर झाडलें जातें, अंगण सारवलें जातें, माळ्यावरचीं ठेवणींतलीं भांडीं खालीं येतात. पाहुणा दोन दिवस राहून निघून जातो. परंतु सारवलेलें अंगण घरच्याच मुलांना खेळावयास उरतें. आतिथ्यापासून यजमानाला होणाऱ्या लाभांतील हा अत्यंत साधा, आणि म्हणूनच सहसा ध्यानांत न येणारा, असा लाभ आहे. फुटबॉलच्या अजिंक्यपद स्पर्धेसाठीं आदर्श शहर कोणतें व आदर्श क्रीडांगण कोणतें, ह्या प्रश्नाचा विचार करूं लागलें म्हणजे मला प्रथम तें अंगण आठवतें.

हा प्रश्न माझ्यापुढें आला तो मात्र एखाद्या जागतिक स्पर्धेच्या निमित्तानें नव्हे. अहिल्यानगरच्या, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडीं अजून 'नगर'च असलेल्या शहराच्या, सावेडी उपनगरांत आमचें वास्तव्य आहे. दोन वर्षांपूर्वीं येथील पांचसात मंडळींनीं आसपासच्या शाळांचे फुटबॉलचे सामने भरविण्याचें मनांत आणलें आणि जागा ठरविण्यासाठीं आमच्या घरीं बैठक बसली. जागा दोन होत्या. एक, शहराच्या दुसऱ्या टोकाचें हिरवळीचें, कुंपण घातलेलें मैदान. तें भाड्यानें मिळत होतें. दुसरी, आमच्याच वसाहतीमागची मोकळी जागा, जेथें रोज संध्याकाळीं मुलें चपला रचून गोल करतात व अंधार पडेपर्यंत खेळतात. तेथें खडे आहेत, एका बाजूस उतार आहे, आणि कोपऱ्यांत एक बाभूळ आहे. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "पाहुण्या मुलांचे पाय आपल्याला मोडावयाचे नाहींत." त्यावर शेजारचे एक गृहस्थ शांतपणें म्हणाले, "मग आपल्या मुलांचे रोज मोडतात, त्याचें काय?" सर्व हसले. मीहि हसलों, आणि माझें मत शिक्षकांच्या बाजूनें दिलें. सामने उत्तम झाले. सावेडींतलीं मुलें मात्र पाहावयास फारशीं गेलीं नाहींत, आणि वसाहतीमागचे खडे होते तेथेंच राहिले. त्या गृहस्थांचा प्रश्नहि तेव्हांपासून माझ्या मनांतून गेलेला नाहीं.

आमच्या बैठकींतला हाच वाद थोर प्रमाणावरहि चालतो. इ. स. २०१७ च्या ऑक्टोबर महिन्यांत सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा भारतांत झाली. चोवीस देशांचे संघ आले आणि सहा शहरांना यजमानपद मिळालें : दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, गोव्यांतील मडगांव आणि आपली नवी मुंबई. अशा निवडींत पाहिलें जातें तें असें : १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असें निर्दोष मैदान, प्रखर दिवे, सरावासाठीं निराळीं मैदानें, जवळ विमानतळ, पाहुण्यांच्या उतरण्याची सोय, हाताशीं रुग्णालय. नवी मुंबईचें डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगण २००८ सालीं उघडलें; त्याची ख्याति मुख्यतः क्रिकेटची, परंतु वरील कसोटीस तें उतरलें.

आतां महाराष्ट्रांत फुटबॉलचें वेड कोणत्या शहराला आहे, असें विचाराल तर कोणीहि कोल्हापूरचें नांव घेईल. तेथें तालमींचे संघ आहेत. खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम हीं नांवें शाहू स्टेडियमवर कुस्तीसाठीं नव्हे, तर फुटबॉलसाठीं दुमदुमतात. २०१७ च्या त्या स्पर्धेंत भारतीय संघांत खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच मुलगा. परंतु भारताचे तिन्ही सामने दिल्लीस झाले. ज्या गांवानें खेळाडू दिला त्या गांवाला सामना मिळाला नाहीं. हा अन्याय म्हणावयाचा काय?

घाईनें 'होय' म्हणणें सोपें आहे. परंतु आमच्या शिक्षकमित्रांची बाजूहि पोकळ नव्हे. त्याच स्पर्धेंतला ब्राझील आणि इंग्लंड यांचा उपान्त्य सामना गुवाहाटीस व्हावयाचा होता. पावसानें तेथील मैदान खराब झालें आणि तो सामना आयत्या वेळीं कोलकात्यास हलवावा लागला. आसामच्या लोकांचें खेळावरचें प्रेम कांहीं कमी पडलें नव्हतें; पडली ती जमीन. खेळाडूच्या घोट्याला प्रेम कळत नाहीं, जमीन कळते. पाहुण्याला सुखरूप परत धाडणें हें यजमानाचें पहिलें कर्तव्य होय, आणि तें ज्याला साधत नाहीं त्यानें आमंत्रण देऊं नये.

मात्र येथेंच आपली एक चूक होते. योग्यता हा उंबरठा आहे. आपण तिची शिडी करतों. मैदान खेळण्यास निर्धोक आहे एवढ्यानें आपलें समाधान होत नाहीं. तें अधिक मोठें, अधिक झगझगीत हवें असें वाटूं लागतें, आणि ज्याच्या दारीं आधींच हत्ती झुलत आहे त्याच्याच गळ्यांत माळ पडते. ज्याच्यापाशीं हत्ती नाहीं तो कर्ज काढून पांढरा हत्ती आणतो. २०१४ च्या विश्वचषकासाठीं ब्राझीलनें ॲमेझॉनच्या अरण्यप्रदेशांतील मानाउस शहरीं चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षकांचें क्रीडांगण उभारलें. विश्वचषकाचे चार सामने तेथें झाले. पुढें तें भरेल इतका प्रेक्षक स्थानिक संघांना मिळेना. तेथें अंगण सारवलें गेलें नाहीं, पाहुण्यासाठीं राजवाडा बांधला गेला.

उलट मडगांवजवळचें फातोर्डा पाहा. १९८९ सालीं बांधलेलें हें क्रीडांगण फार मोठें नाहीं. परंतु २०१७ ची मुलांची व २०२२ ची मुलींची जागतिक स्पर्धा पाहूनहि तें ओस पडलें नाहीं. गोव्याचा संघ तेथें आपले सामने खेळत राहिला आणि गोंयकार ते पाहत राहिला. पाहुण्यांसाठीं केलेली डागडुजी घरच्यांच्या कामीं आली.

आमच्या जिल्ह्यांत ह्या वादाला आणखी एक साक्षीदार आहे, तो म्हणजे पाणी. क्षेत्रफळानें हा महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा जिल्हा. परंतु सह्याद्रीच्या आड पडल्यामुळें त्याच्या बऱ्याच भागाला पावसाची वाट पाहण्याची संवय आहे. २०१६ च्या एप्रिलांत लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, आणि त्याच महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितलें. मैदान असें पाणी पितें तरी किती, उंसापुढें त्याचा काय हिशेब, असें तेव्हां पुष्कळांनीं म्हटलें. हिशेब म्हणून तें खरेंच होतें. परंतु शेजारणीची घागर रिकामी असतांना आपल्या दारीं सडा घालूं नये, हें सांगावयास हिशेब लागत नाहीं. यजमानाच्या घरांतली स्थिति हीहि मैदानाच्या योग्यतेचाच एक भाग आहे.

तेव्हां मला दोनच प्रश्न महत्त्वाचे वाटतात. पहिला, पाहुणा येथें निर्धास्तपणें खेळेल काय? दुसरा, पाहुणा गेल्यावर मागें काय उरेल, आणि तें कोणासाठीं? पहिल्या प्रश्नांत जो नापास झाला त्याला दुसऱ्याचा आधार घेतां येणार नाहीं. परंतु पहिल्यांत अनेक उत्तीर्ण झाले असतां, त्यांतला सर्वांत श्रीमंत कोण हें पाहण्याचें कारण नाहीं. स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं जेथें त्याच गांवचें पोर चेंडू घेऊन आंत शिरूं शकेल, तें मैदान आदर्श.

ह्या कसोटीवर मी माझें दोन वर्षांपूर्वींचें मत चुकीचें ठरवितों, तें मोठें मैदान वाईट होतें म्हणून नव्हे. चूक ही, कीं आम्ही कोणतें मैदान तयार आहे एवढेंच पाहिलें. कोणतें तयार करतां येईल हें पाहिलें नाहीं. सामन्यांना तीन महिने अवकाश होता, आणि खडे वेंचावयास पैसा लागत नाहीं. वेंचूनहि जागा नीट झाली नसती तर निमूटपणें दुसऱ्या टोकाला जावयाचें होतें. पाहुणे तेथें खेळले असते, आणि वेंचलेले खडे तरीहि वेंचलेलेच राहिले असते.

हें लिहीत असतांना खिडकींतून ती जागा दिसते आहे. मुलांनीं चपला रचल्या आहेत. खेळ सुरू होण्यापूर्वीं एक लहानगा वांकून कांहीं तरी उचलून कुंपणापलीकडे फेंकतो आहे. आमच्या बैठकीला जें सुचलें नाहीं, तें काम तो रोज एकटाच करीत असावा.