सखल भूमीचा दोष

कोठें पूर आला, एखादें गांव बुडालें, अशी वार्ता आली म्हणजे सुरक्षित माणसाच्या तोंडून हळहळीच्या पाठोपाठ एक प्रश्न हटकून बाहेर पडतो: “पण हे लोक अशा ठिकाणीं राहतातच कशाला?” आम्हींहि हा प्रश्न अनेकदां केला आहे. तो वाटतो तितका निरपराध नाहीं, हें आम्हांस अमेरिकेंतील एका लहानशा गांवाच्या इतिहासानें शिकविलें.

नॉर्थ कॅरोलायना संस्थानांत, समुद्रापासून पुष्कळ आंत, टार नदीच्या कांठीं प्रिन्सव्हिल नांवाचें गांव आहे. १६ सप्टेंबर १९९९ रोजीं ‘फ्लॉइड’ हें चक्रीवादळ त्या संस्थानाच्या किनाऱ्यावर आदळलें. थोडेच दिवस आधीं ‘डेनिस’ वादळाच्या पावसानें भूमि भिजून चिंब झाली होती. नवें पाणी जिरावयास जागाच उरली नव्हती. वारा पडला, वादळ उत्तरेकडे निघून गेलें, आणि त्यानंतर वरच्या खोऱ्यांतील पाणी खालीं उतरूं लागलें. १९६७ सालीं बांधलेल्या मातीच्या बांधाला न जुमानतां नदी गांवांत शिरली. घरें छपरापर्यंत बुडालीं; दफनभूमींतील शवपेट्यादेखील वर येऊन तरंगूं लागल्या.

मग हे लोक तेथें राहिले कशाला? १८६५ सालीं यादवी युद्ध संपलें, तेव्हां गुलामगिरींतून सुटलेल्या स्त्रीपुरुषांनीं तेथें वस्ती केली. पलीकडच्या तीरावरील उंच भूमि गोऱ्यांच्या हातीं होती. यांच्या वाट्यास आली ती पाणथळ जागा, कारण ती दुसऱ्या कोणास नको होती. तिला त्यांनीं ‘फ्रीडम हिल’, म्हणजे स्वातंत्र्याची टेकडी, असें नांव दिलें. १८८५ सालीं वस्तीला नगराची सनद मिळाली व टर्नर प्रिन्स या त्यांच्यांतल्याच एका सुताराचें नांव गांवास पडलें. तात्पर्य, ज्याला आपण त्यांची निवड म्हणतों ती मुळांत इतरांनीं करून ठेविली होती. नदी वर्णभेद करीत नाहीं, हें खरें; पण तिच्या वाटेवर कोणास बसवावें हें समाज ठरवितो.

फ्लॉइडनंतर सरकारनें घरें विकत घेऊन लोकांस अन्यत्र जाऊं देण्याची तयारी दाखविली. नगरसभेनें तीन विरुद्ध दोन मतांनीं बांध पुन्हा उभारून तेथेंच राहण्याचें ठरविलें. २०१६ च्या ऑक्टोबरांत ‘मॅथ्यू’ वादळाच्या पुरानें गांव पुन्हा बुडालें. तर मग ते दोघेच शहाणे ठरले काय? व्यवहाराच्या तराजूंत कदाचित् होय. ज्या मुलांस मत विचारलें नव्हतें त्यांच्याहि घरांत पाणी शिरलें, हा आक्षेप आम्हांस लहान वाटत नाहीं. पूर्वजांचा मान राखण्यासाठीं लेकरांस धोक्यांत ठेवण्याचा अधिकार कोणासच नाहीं. परंतु ‘निघून जा’ असें सांगणाऱ्यानें, जावयाचें कोठें, आणि सर्वांनीं मिळून कीं विखरून, याचेंहि उत्तर दिलें पाहिजे. घराची किंमत ठरवितां येते. शेजाराची आणि आजोबांनीं मिळविलेल्या सनदेची कशी ठरवावयाची?

मॅथ्यूनंतर जवळचीच ५३ एकर उंच जमीन गांवासाठीं शासनाच्या पैशानें घेण्यांत आली. आम्हांस न्यायाचा मार्ग हाच वाटतो. तिकडे जावें कीं जुन्या उंबऱ्याशीं राहावें, हें गांवकऱ्यांनीं ठरवावें. पण निवड करावयास दुसरी जागा असली तरच तिला निवड म्हणतां येईल. दीडशें वर्षांपूर्वीं जी उंच भूमि मिळूं शकली नाहीं ती आज देणें, याला औदार्य म्हणूं नये. ती ऋणाची फेड आहे. आणि सखल जागेवरच्या माणसास शहाणपण सांगण्यापूर्वीं, आपण उंचावर कसे येऊन बसलों, एवढें सुरक्षितानें स्वतःस एकदां विचारून पाहावें.